डबल बेल

धानोरा सोडलं, दोन घंट्या दिल्या,
आणि मशीनवरचं बोट दुसऱ्याच कुणाचं झालं.
एका म्हातारीचे सुटे पैसे होते मुठीत,
ते सांडले. सांडताना मी बघत होते.
मग डोक्यात कुणीतरी नारळ फोडला.

सुभान तडवी अठरा वर्षं गाडी चालवतो.
आरशात बघायची सवय.
बघितलं, तर आरशात मी नव्हते.

पुढचं सगळं ऐकीव.
पुलावर गाडी धडधडली, विदगावला थांबली नाही,
ममुराबादला नाही.
बेचाळीस उतारू, एकानंही दोरी ओढली नाही.
विदगावच्या लग्नाला निघालेला कुणाचा तरी मामा
नवा सदरा ओकारीनं भरला तरी
माझं डोकं कुशीवर धरून बसला जळगावपर्यंत.
लाल गाडी थेट दवाखान्याच्या फाटकात शिरली
आणि वॉचमन म्हणाला, इथं स्टॉप नाही.

डॉक्टरीण पोरगेली होती म्हणे.
रक्त डावीकडं साचलंय, मेंदू दाबला जातोय,
कवटी उघडावी लागेल.
हर्षलनं विचारलं, वेळ किती आहे?
ती म्हणाली, हे विचारण्यात चाललाय तेवढा.
हर्षलला अठरा व्हायला दोन महिने बाकी,
म्हणून अंगठा आईनं दिला.
वस्तरा फिरला. माझे केस तिनं पिशवीत मागून घेतले,
कशाला, ते तिलाही अजून सांगता येत नाही.

हाडाचा तुकडा काढला, तळहाताएवढा.
सूज उतरेपर्यंत तो माझ्याच पोटात,
कातडीखाली शिवून ठेवला.
शुद्धीवर आले तेव्हा आई कानाशी ओरडत होती,
"तुन्हं डोकं पोटमा ठेवेल शे, हालू नको!"
मला वाटलं, मेलेय. वर अहिराणी बोलतात.

पाण्याला मी तिकीट म्हणायचे.
नर्सला आगार.
हर्षलला काहीच नाही, त्याच्याकडं नुसतं बघायचे,
तो मान वळवून खिडकीशी जायचा.
उजवा हात म्हणजे कुणी विसरून गेलेलं सामान.
फिजिओवाला म्हणायचा, चेंडू दाबा, छायाताई.
दाबला. चेंडू तसाच. कपाळावर घाम.
एकविसाव्या दिवशी तो अंगठ्यापुरता चेपला,
आणि आईनं वॉर्डभर गुळाचे खडे वाटले,
शेजारच्या बेडवर साखरेचा पेशंट होता, त्यालासुद्धा.

रात्री डोळे मिटून मार्ग म्हणायचे.
चोपडा. मग काहीतरी. मग धानोरा.
मधलं गाव, जिथं माझं घर,
तेवढंच जिभेवर यायचं नाही.
पोटातल्या तुकड्यावर हात ठेवायचे,
वाटायचं, त्यातच राहिलंय ते.

चार महिन्यांनी हाड जागेवर बसलं.
पोटावर एक व्रण, डोक्यावर एक,
दोन टोकांचे दोन स्टॉप.

काल तपासणीहून एकटीच परतले.
हर्षलशी भांडून, एकटी.
कंडक्टर नवा पोरगा, मला ओळखत नव्हता.
कुठं जायचंय, मावशी?
तोंड उघडलं. मागचे लोक थांबले.
किती वेळ, ते मला माहीत आहे;
मीसुद्धा अशांवर खेकसलेय.
मग आलं ते गाव भलतंच आलं, विदगाव.
त्यानं तिकीट काढलं, अर्धं.
आता काढलंय म्हटल्यावर विदगावला उतरले.

पुढच्या गाडीला पाऊण तास.
टपरीवर बसले, कप डाव्या हातात,
उजवा मांडीवर, झोपलेल्या लेकरासारखा.
चहावाल्यानं सहज विचारलं,
"कोठे जानं शे माय?"
"अडावदले," म्हटलं मी.

म्हटलं आणि पुन्हा म्हणून बघितलं.
तो म्हणाला, आयकू वनं एकदाव.
मी तिसऱ्यांदा म्हटलं.